माळावरचं जांभळं बोंड

दौलताबादच्या पेरूला गिऱ्हाईक आहे, सीताफळाला आहे, पैठणकडच्या मोसंबीला तर व्यापारी बागेत येऊन बयाणा देतात. फड्या निवडुंगाच्या बोंडाला गंगापूर तालुक्यात कुणी विचारत नाही. ते पाटीत बसत नाही, काट्यावर चढत नाही, पाहुण्यांपुढे बशीतून येत नाही. शेळ्यांमागे फिरणारी पोरं आणि बांधावर जळण गोळा करणाऱ्या बाया, एवढेच त्याचे खवय्ये. ज्या फळाला भाव नाही त्याच्या चवीवर कुणी चार ओळीही लिहीत नाही. आंब्यावर लिहून लिहून मात्र कागद संपत आला. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो बोंडावर कमी, आपल्या जिभेवर जास्त आहे. गोडी मोजण्यापलीकडे फळाकडे बघायची सवयच आपण सोडली आहे.

गंगापूर म्हणजे लासूर स्टेशन, वाळूज आणि कायगावचं गंगापूर. नाशिकजवळचं धरणाचं गंगापूर वेगळं आणि दत्ताचं गाणगापूर तर कर्नाटकातलं. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी. कायगाव टोक्याला तिला प्रवरा मिळते, पुढे नाथसागराचा फुगवटा लागतो आणि पाण्याच्या कडेनं ऊस उभा राहतो. तिथून उत्तरेला चालू लागलं की रान बदलतं. मुरूम वर येतो, कपाशी आणि बाजरी गुडघ्याएवढ्या मातीवर दिवस काढतात आणि सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाची उरलीसुरली सर वाट्याला येते. बांधाच्या कोपऱ्यावर, गावकुसाच्या पडक्या भिंतीला, रुळांच्या कडेला जिथं दुसरं काही टिकत नाही तिथं फड्या हमखास सापडतो.

खाण्याआधी ओळख पक्की हवी. आपल्याकडे निवडुंग म्हणून दोन निराळ्या कुळांतली झाडं खपून जातात. एक त्रिधारी निवडुंग आणि त्याचे शेर-थोर असे भाऊबंद. खुडलं की दुधासारखा चीक गळणारे. तो चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. दुसरा हा फड्या, नागाच्या फण्यासारख्या चपट्या पेरांवर पेरं चढवत जाणारा. ह्याला चीक नाही. आत नुसतं बुळबुळीत पाणी. बोंडं खायची ती ह्याची.

हा फड्या इथला नाही, हे सांगितलं की माळावरची म्हातारी माणसं हसतात. तो मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड ज्या झाडावर बसलाय ते हेच कूळ. युरोपियन जहाजांमधून तो इकडे आला, आणि त्याचा पुढचा पसारा फळासाठी कुणी वाढवला नाही, वाढवला तो एका किड्यासाठी. ह्या झाडावर पोसणाऱ्या कोचिनियल किड्यापासून झळझळीत किरमिजी रंग मिळतो. एक पौंड रंगद्रव्याला सुमारे ७०,००० किडे लागतात असं सांगतात. त्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती आणि ईस्ट इंडिया कंपनीला ती सलत होती. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्यानं ब्राझीलमधून असे किडे कलकत्त्याला आणले. किडा निघाला हलक्या जातीचा. रंग सुमार आणि भूक मात्र जबर. त्यानं निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. तण मारण्यासाठी कीटक वापरण्याच्या शास्त्राची जगातली पहिली पायरी म्हणून आज त्या फसलेल्या धंद्याचा उल्लेख होतो. दुसऱ्या जाती मात्र दख्खनभर माजत राहिल्या, तेव्हा १९२६ मध्ये सिलोनहून दुसरा किडा मुद्दाम आणून सोडला गेला. त्यानं काम चोख केलं. गोदावरीच्या अल्याड निजामाचं राज्य आणि पल्याड इंग्रजांचा नगर जिल्हा, पण किड्यांना नाके कुठले अडवणार!

म्हणून आज फड्याची झुडपं तुटक-तुटक दिसतात आणि बहुतेक पेरांवर कापसासारखे पांढरे पुंजके असतात. पुंजका बोटानं चिरडला की बोट रक्तासारखं लाल होतं. पोरांना वाटतं, बोंडाचाच रंग किड्यानं पिऊन ठेवलाय. तसं नाही. किड्याचा लाल म्हणजे कार्मिनिक आम्ल, ते तो स्वतःच्या अंगात बनवतो. बोंडाचा लाल-जांभळा रंग बीटालेन जातीचा, म्हणजे बीट, लाल माठ आणि बोगनवेल ह्यांच्या गोतातला. एकाच पेरावर दोन परके लाल रंग शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

आता बोंडच हातात घेऊ. घेऊ म्हटलं तरी हातात घ्यायचं नसतंच. आधी बघायचं. पेराच्या वरच्या कडेवर ओळीनं पिवळी फुलं येतात, कागदासारख्या चकचकीत पाकळ्यांची. फुलातल्या केसरांना काडीनं डिवचलं तर ते हळूच आत वळतात. मधमाशी उतरली की तिच्या अंगावर परागांची झाडणी व्हावी म्हणून ही सोय. फूल गळालं की खालचा हिरवा भाग फुगत जातो, तेच बोंड. त्याचा माथा आत दबलेला, फूल जिथं होतं तिथं उथळ वाटी. हिरवं, मग मळकट तांबूस, आणि हिवाळा सरत येतो तसं गर्द जांभळं. झाडावर पिकलं तरच पिकलं. हिरवं तोडून आढीत घालून उपयोग नाही, तोडल्यावर ते पिकत नाही, सुकतं.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. बोंडाची साल ही खरं तर खोडाचाच भाग आहे. फुलाचा बीजकोश खोडात रुतून बसतो आणि खोडच त्याच्याभोवती फुगतं. म्हणून सालीवर पेरासारखेच ठिपके असतात, त्या ठिपक्यांत काट्यांचे झुबके असतात, आणि जमिनीवर पडलेल्या बोंडाला मुळं फुटून नवा फड्या उभा राहू शकतो. फळ म्हणून जे आपण सोलतो ते झाडाचं फुगलेलं अंगच.

मोठे काटे दिसतात, त्यांचं भय नाही. भय लवेचं. प्रत्येक ठिपक्यात केसाहून बारीक, पिवळसर कुसं दाटीनं असतात आणि प्रत्येक कुसाला उलट्या दिशेचे आकडे. हात लागायचा अवकाश, पन्नास-शंभर कुसं कातडीत. ती दिसत नाहीत, पण दोन दिवस प्रत्येक घोट, प्रत्येक घास, प्रत्येक बटण त्यांची आठवण देतं. ओठाला लागली तर बोलायला नको. डोक्याच्या केसांत बोटं घासणं हा रानातला उपाय, आणि तो बऱ्यापैकी चालतो. घरी असाल तर फेव्हिकॉलचा थर लावून वाळू द्यावा आणि सोलून काढावा.

शेळ्या राखणाऱ्या पोरांची बोंड उतरवायची पद्धत बघण्यासारखी असते. बेचक्याच्या काडीत बोंड धरून एक पीळ द्यायचा, ते टपकन खाली पडतं. मग चपलेनं, पण अंगठा आत ओढून, त्याला मुरमाड मातीवर घोळवायचं. चार-सहा बोंडं एकदम, गोलगोल, कणीक मळावी तशी नाही, तर रेटून, की सालीवरचे झुबके झडतात. जाळ पेटलेला असेल तर आणखी सोपं: आरावर बोंड फिरवलं की लव चर्र करून जळते, साल काळवंडते, आणि आतला गर कोमट होण्याआधी बाहेर काढायचं. मग विळ्यानं दोन्ही टोकं उडवायची. लासूरकडच्या माळावर असाच एक पोरगा मला म्हणाला होता, “काका, वरची वाटी खोल कापा. अर्धी लव तिथंच दडलेली असते.” वाटीच्या काठावर झुबक्यांचं कडंच असतं, तेव्हा त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. टोकं उडाली की उभी चीर, आणि साल दोन अंगठ्यांनी बाजूला. आतून जे निघतं त्याचा रंग बघून पहिल्यांदा खाणारा माणूस थबकतोच. एवढा निर्भेळ जांभळा-गुलाबी रंग आपल्या माळावर दुसरीकडे कुठंच नसतो.

पहिला घास आंबूस लागतो. जिभेच्या कडांवर हलका चिमटा, मग लगेच पातळ गोडी, आणि ती टिकत नाही. लगोलग गर बुळबुळीत होऊन घशाकडे घसरतो, भिजवलेल्या सब्जाच्या बियांसारखा. त्याच्या मागून बिया. वास मंद, हिरवट, काकडीच्या जवळचा. काकडी आणि खरबुजाला जी गंधद्रव्यं वास देतात त्यांतलीच काही ह्याच्यातही सापडतात. ज्याला हापूसची सवय आहे त्याला हे पाणचट वाटेल. त्यानं दुपारी दोन वाजता, डोक्यावर ऊन असताना, सकाळी तोडून सावलीत ठेवलेलं बोंड खाऊन बघावं. आधी घशाला बरं वाटतं, जिभेला त्यानंतर. ह्या फळाची खुमारी ह्या उलट्या क्रमात आहे, असं माझं मत.

जगात ज्याची शेती होते ते निवडुंगफळ मोठं असतं, शे-दीडशे ग्रॅमचं, आणि आपल्या बोंडाहून पुष्कळ गोड. मेक्सिको, सिसिली, ट्युनिशियात त्याच्या बागा आहेत. पण त्या फळात आम्ल जवळजवळ नसतंच. नुसती साखर आणि पाणी, त्यामुळे ते गोड असूनही सपक लागतं. आपल्या माळावरचं लहान, जाड सालीचं, गर कमी असलेलं बोंड चांगलंच आंबट. चिंच-कैरीवर वाढलेल्या आपल्या जिभेला हेच बरं. सिसिलीकरांची एक युक्ती मात्र हेवा वाटावा अशी आहे. जूनमध्ये ते झाडावरची पहिली फुलं मुद्दाम पाडून टाकतात. झाड पुन्हा फुलतं, आणि पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जी फळं येतात ती मोठी, रसाळ आणि कमी बियांची असतात. एक बहार मारून दुसरा धरायचा, हे मोसंबीला ताण देणाऱ्या आपल्या बागाईतदाराला चटकन समजेल.

पोषणाबद्दल बोलायचं तर आधी थोडा चाप लावायला हवा, कारण ह्या बोंडाबद्दल गावोगाव आणि मोबाइलवर फार काही बोललं जातं. शेतीतल्या फळाच्या १०० ग्रॅम गराचे आकडे असे: पाणी सुमारे ८७ ग्रॅम, उष्मांक ४१, कर्बोदकं साडेनऊ ग्रॅम, चोथा ३.६ ग्रॅम, क जीवनसत्त्व १४ मिलिग्रॅम, कॅल्शियम ५६, मॅग्नेशियम ८५, पोटॅशियम २२०. ह्यातलं नजरेत भरावं असं काही असेल तर मॅग्नेशियम, केळ्याच्या तिप्पट. चोथाही चांगला. क जीवनसत्त्वाचं कौतुक मात्र दौलताबादच्या पेरूशेजारी बसून करू नये. पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या पुढं असतं.

आणि लोह? ०.३ मिलिग्रॅम. हे ठासून सांगायला हवं, कारण रस लाल म्हणून तो रक्त वाढवतो, ही समजूत पक्की बसली आहे. सौराष्ट्रात ह्याच कुळातल्या फळांचा रस हिमोग्लोबिनचं औषध म्हणून बाटल्यांतून विकला जातो, आणि त्या बाटल्यांची कीर्ती आपल्याकडेही पोचली आहे. प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं माप सांगतं. ते बोंडांतून मिळवायचं तर रोज दहा किलो गर खावा लागेल. त्यापेक्षा गंगापूरच्याच रानातली बाजरी बघा, १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर. बाजरीतलं लोह शरीराला सहज लागत नाही, पण सोबत क जीवनसत्त्व असेल तर अधिक लागतं. तेव्हा बाजरीची भाकरी आणि वर दोन बोंडं, असा बेत असेल तर बोंडानं रक्ताला हातभार लावला असं म्हणता येईल. हा हातभार लिंबाची फोडही लावते, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

बोंडाचं खरं धन त्याच्या रंगात आहे. बीटालेन रंगद्रव्यं शरीरातल्या ऑक्सिडीकरणाला आवर घालतात. २००४ मध्ये सिसिलीतल्या पालेर्मोच्या संशोधकांनी १८ निरोगी माणसांवर हे तपासलं. दोन आठवडे दिवसातून दोनदा २५० ग्रॅम निवडुंगफळ, आणि तुलनेसाठी तेवढंच क जीवनसत्त्व देणाऱ्या गोळ्या. फळ खाताना रक्तातल्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा कमी झाल्या. नुसत्या गोळ्यांनी तसं झालं नाही. निष्कर्ष चांगला आहे, पण माणसं अठरा आणि रोजचं फळ अर्धा किलो, हे दोन्ही लक्षात ठेवावं. मधुमेहावर निवडुंग गुणकारी असं जे छापून येतं ते बहुतेक पेरांबद्दल असतं. मेक्सिकोत कोवळ्या पेरांची भाजी होते, त्यावरचे ते अभ्यास. फळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सरळ तयार असतं. पेराचा गुण बोंडाच्या नावावर मांडणं म्हणजे भावाच्या सातबाऱ्यावर कर्ज काढणं.

डांग्या खोकल्यावर बोंडाचा रस द्यायची रीत जुनी. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या विल्यम डायमॉक ह्यांच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथानंही तिची नोंद घेतली आहे. चिकट रसानं घसा निवतो, हे खरं. पण डांग्या खोकला जिवाणूंचा, त्यावर आज लस आहे आणि औषधं आहेत. लहान मुलाला ढास लागली तर डॉक्टर आधी, रस नंतर. आणखी एक गोष्ट आयांनी माहीत करून घ्यावी: बोंडं भरपूर खाल्ली की दुसऱ्या दिवशी काहींची लघवी लालसर होते. बीट खाल्ल्यावर होते तशीच. घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते बियांना. बारीक, दगडासारख्या टणक, आणि एका मोठ्या फळात शेकड्यानं. चावल्या तर दातांचं काही खरं नाही, म्हणून गिळायच्या. थोड्या गिळल्या तर काही होत नाही. पण पोटभर बोंडं खाऊन वर पाणी कमी प्यायलं, तर ह्या बिया शेवटच्या वळणावर एकमेकींना धरून बसतात आणि अशी गच्च गाठ होते की ती डॉक्टरलाच काढावी लागते. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रोग्यांचे, विशेषतः मुलांचे, वृत्तान्त आहेत. पाच-सहा बोंडांवर थांबावं. मोरोक्कोत ह्याच बिया घाण्याला लावून तेल काढतात आणि ते सौंदर्यप्रसाधन म्हणून सोन्याच्या भावानं विकतात. आपण त्या गिळतो, हे चालायचंच.

ह्या सगळ्यावर तोड म्हणजे सरबत, आणि माझ्या मते आपल्या आंबट बोंडाचा खरा अवतार तोच. भाजून सोललेली बोंडं पातेल्यात हातानं कुस्करायची. मिक्सर नको, बिया फुटल्या की रस तुरट होतो. मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं. फडकं दुहेरी, कारण चुकून राहिलेलं एखादं कूस तिथंच अडकतं. गाळताना रस तारेसारखा लोंबतो, तो तुटेपर्यंत धीर धरावा. त्यात खडीसाखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि माठातलं पाणी. उकळायचं मात्र नाही. बीटालेनला ताप सोसत नाही. पाच-दहा मिनिटांत तो राजेशाही जांभळा विटून विटकरी होतो आणि गंधही उडतो. म्हणून सरबत करावं त्या दिवशी प्यावं, बाटल्या भरून ठेवायच्या भानगडीत पडू नये. काचेच्या पेल्यात ओतलं की कोकम सरबताची आठवण येते, पण कोकमाचा कडक आंबटपणा इथं नाही. इथं पाण्याला जरा अंग आलेलं असतं, आणि ते घशातून सावकाश उतरतं.

ह्या पाण्याचा हिशेब झाडानं रात्री केलेला असतो. दुसरी झाडं दिवसा कर्बवायू घेतात आणि उन्हात पाणी गमावतात. फड्या दिवसा सगळी छिद्रं मिटून बसतो आणि रात्री उघडतो. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवून दिवसा उजेडात वापरतो. म्हणून पेर पहाटे आंबट आणि संध्याकाळी अळणी लागतं. म्हणूनच विहिरींनी तळ दाखवल्यावरही तो हिरवा राहतो. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी खाऊन आणि खडी फोडून दिवस काढलेल्या पिढीला फड्या ठाऊक आहे तो चारा म्हणून. काटे जाळावर भाजून पेरं जनावरांपुढं टाकायची, ही दख्खनच्या दुष्काळातली जुनी तजवीज. पेरात दर दहा भागांतले नऊ भाग पाणी, तेव्हा चारा आणि पाणी एकाच टोपलीत.

आता चाऱ्यासाठी बिनकाट्याचा निवडुंग आला आहे. उरुळी कांचनची बायफ संस्था त्याचा प्रसार करते, आणि कोरडवाहू शेतकऱ्यानं बांधाला चार ओळी लावाव्यात असा तो आहेच. तोडलेलं पेर सावलीत आठवडाभर सुकवून, जखम बुजली की तिसरा हिस्सा मातीत रोवायचं, पाणी बेतानं. ही लागवडीतली जात, म्हणजे सिसिली-मेक्सिकोच्या गोड फळाचीच. जनावरांना पेरं मिळाली आणि वरच्या कडेवर बोंडं धरली तर ती मोठी आणि गोड असतील, सरबतात मात्र लिंबू पिळावं लागेल. माळावरच्या एक-दोन काटेरी फड्यांची बोंडं त्यात मिसळली तर लिंबाचीही गरज नाही. आणि झाड बिनकाट्याचं असलं तरी फळावर लव असतेच, तेव्हा चिमटा आणि गोणपाटाचा तुकडा हाताशी ठेवूनच तोडणीला जावं.